चौदा नंबरची हजेरी

हजेरी घेताना बाई तेराव्या नावानंतर थांबायच्या. फार नाही, एक श्वास घेऊन सोडावा एवढंच. तेवढ्यात त्यांचं पेन चौदाव्या ओळीत एक तिरकी रेघ ओढून मोकळं व्हायचं आणि मग त्या पंधरावं नाव घ्यायच्या. पंधरावी घारी. तिला या थांबण्याची इतकी सवय झाली होती की त्या श्वासात ती उठून उभी राहायची, फ्रॉक सारखा करायची आणि नाव यायच्या आत तोंडात ‘हजर’ तयार ठेवायची. मधे कोणाचं नाव राहिलं असं वर्गात कोणी म्हणत नव्हतं. पोरं लहान असतात, पण मूर्ख नसतात.

चौदावा नंबर भिंगरीचा होता. एका जागी पाय ठरत नाही म्हणून आजीने लहानपणीच ठेवलेलं नाव, ते कायमचं चिकटलं. मागच्या हिवाळ्यात आईबापाबरोबर ती वीटभट्टीवर गेली, दरवर्षी जायची तशी, आणि तिकडेच तापाने गेली. भट्टी लांब. जे काय करायचं ते तिकडेच झालं. आईबाप परत आले तेव्हा पाऊस तोंडावर आला होता, गठुडी दोन होती आणि पोरगी नव्हती, एवढंच गावाने पाहिलं. शाळेत कागद कोणी आणून दिला नाही आणि बाईंनीही मागितला नाही.

का मागितला नाही, तर भिंगरी धरून पट वीस होता. विसाच्या खाली पट गेला की शाळा बंद करून पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत पाठवायची, असा वरचा हुकूम. ओढ्यापलीकडची शाळा म्हणजे पाऊण तासाची पायपीट, मधे वस्ती नाही, पावसाळ्यात ओढा कमरेएवढा. पोरगे जातीलही एखादवेळी. पोरी घरी बसणार, हे बाईंना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नवा पट लिहिताना भिंगरीला तिसरीतून चौथीत चढवली. गावाला माहीत होतं. गाव गप्प होतं. एक आईच तेवढी, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि बाई राहायच्या त्याच आईच्या घरात. पुढची खोली त्यांनी भाड्याने घेतलेली, नवरा दुसऱ्या गावी नोकरीला. मागच्या दोन खोल्यांत भिंगरीची आई आणि तिची सासू, जिला एका कानाने कमी ऐकू येई. मधली भिंत एका विटेची. पलीकडे पितळी पडली तरी इकडे कळायचं. आठ वर्षं बाई त्या बाईला ‘भिंगरीची आई’ अशीच हाक मारत आल्या होत्या. आता काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून नुसतं ‘अहो’ म्हणून वेळ मारून नेत होत्या.

अशात प्रशिक्षण निघालं. प्राथमिक शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता साक्षरता, सहा शनिवार, तालुक्याच्या हॉलमध्ये, हजेरी सक्तीची. बाईंच्या शेजारी बसायचे ते एक टोपीवाले गुरुजी, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपल्याला नैसर्गिक बुद्धिमत्ताच आयुष्यभर पुरलीय. शिकवायला आलेली मुलगी चोविसाची असेल-नसेल, पण हुशार होती आणि ओरडत नव्हती. तिने मोबाइलवर यंत्राला प्रश्न कसा विचारायचा ते दाखवलं. मग पोरांची नावं, हजेरी आणि गुण भरले की ते प्रत्येक पोराचं वर्णनात्मक नोंदीचं पान कसं लिहून देतं, तेही दाखवलं. त्या नोंदी म्हणजे प्रत्येक मास्तरणीच्या मानेवरचं जू. वर्षानुवर्षं सगळे एकाच मार्गदर्शक पुस्तकातली तीच वीस वाक्यं आलटून पालटून उतरवत आलेले. मनमिळाऊ आहे. अक्षर सुधारावे. नेटकेपणा आहे. आता ते काम पाच मिनिटांत होणार म्हटल्यावर टोपीवाले गुरुजीसुद्धा चष्मा पुसून पुढे सरकले.

गृहपाठ असा होता की आपापल्या वर्गाची पानं यंत्राकडून लिहून घ्यायची, एकेक वाचायची, चुकलेलं दुरुस्त करायचं आणि मग कचेरीला पाठवायची. बाईंनी रविवारी दुपारी दाराशी बसून पट भरला. वीस नावं, वीस हजेऱ्या, लेखी गुण, तोंडी गुण. चौदाव्या ओळीत हजेरी पूर्ण होती, कारण रेघा त्यांनीच ओढल्या होत्या. लेखी गुण त्यांनी मागच्याच वर्षीचे ठेवून दिले. तोंडी गुणांच्या रकान्यात त्यांचं बोट थांबलं, आणि तो रिकामाच राहिला. बटण दाबलं. वीस पानं आली. पहिली सहा त्यांनी नीट वाचली आणि खरं सांगायचं तर त्या चाट पडल्या, घारीचं तर हुबेहूब होतं. सातव्यापासून नुसती नजर फिरवली. बाहेर पाण्याची गाडी आली, बादल्यांचा खणखणाट सुरू झाला आणि बाईंनी सगळंच पाठवून दिलं.

कचेरी त्या पानांचं पुढे काय करणार, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

भिंगरीची आई त्या दिवसांत शेंगा सोलायच्या कामाला जात होती. व्यापाऱ्याच्या पडवीत सकाळपासून ढिगाऱ्याशी बसायचं आणि अंगठ्याने शेंग फोडत राहायचं. अंगठ्यांना भेगा पडल्या होत्या, त्यात ती मेण भरायची. भट्टीवरचा मुकादम एकदा येऊन विचारून गेला होता, नवऱ्याने होकार दिला, ती गप्प राहिली. नवरा एकटाच गेला. ती तशीही कुणाशी फार बोलत नसे. सासूशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, आणि ओरडण्याएवढा जोर तिच्यात राहिला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी बाई वह्या तपासत होत्या. पलीकडे चूल पेटल्याचा वास आला. मग मोबाइल वाजला आणि मग एका बाईचा आवाज आला, गोड, स्वच्छ, घाई नसलेला. घरात पाहुणी आली असं वाटावं.

“नमस्कार. तुमच्या मुलीच्या प्रगतीबद्दल. तुमची मुलगी चौथीत आहे. ती रोज शाळेत येते. ती वर्गात शांत असते. तोंडी उत्तरे देताना ती मागे राहते, पण ती सगळे लक्ष देऊन ऐकते. घरी तिच्याशी रोज थोडा वेळ बोला. तिला बोलायला वेळ द्या.”

बाईंच्या हातातलं लाल पेन वहीवर तसंच राहिलं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. कचेरीने ती पानं आवाजात करून घरोघर पाठवली होती. म्हातारीने विचारलं, कोण आलंय गं? मग तोच आवाज परत पहिल्यापासून सुरू झाला. नमस्कार. तुमच्या मुलीच्या प्रगतीबद्दल. त्या संध्याकाळी बाईंनी तो अकरा वेळा ऐकला.

सकाळी न्हाणीपाशी दोघींची गाठ पडली. बाईंनी ठरवलं होतं की आधी आपणच बोलायचं, चूक झाली म्हणायचं, पाया पडायचं वेळ आली तर. पण भिंगरीच्या आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिथेच बाईंचं सगळं ठरवलेलं विस्कटलं. तिने केस विंचरले होते. ती हळूच म्हणाली, “बाई, ती शांत असते हे त्यांना कसं कळलं हो?”

चूक झाली कचेरीची, असं काहीतरी बाई पुटपुटल्या आणि शाळेला उशीर होतोय म्हणून त्या चक्क पळाल्या. वर्गात गेल्यावर स्वतःचीच लाज वाटली. तरीही तेराव्या नावानंतर त्यांनी रेघ ओढलीच.

त्या दिवसापासून संध्याकाळी भिंतीपलीकडे बोलणं सुरू झालं. आधी तो गोड आवाज लागायचा आणि तो संपला की भिंगरीची आई बोलायची. आज शेंगा ओल्या होत्या, सुटता सुटेनात. तुझ्या आजीने आज मीठच घातलं नाही कालवणात. घारीच्या शेळीला दोन पिल्लं झालीत, एकाचे कान लांबडे आहेत, तुला आवडलं असतं ते. मधे मधे ती थांबायची. नीट थांबायची, समोरच्याला बोलायला वेळ द्यावा तशी. दुपारच्या सुट्टीत ती शाळेच्या खिडकीशीही येऊन उभी राहू लागली. आत बघायची, दुसऱ्या रांगेत भिंतीकडच्या जागी. ती जागा रिकामी होती. पोरं तिथे बसत नसत, आणि बस म्हणून बाईंनीही कोणाला सांगितलं नव्हतं. पाच मिनिटं उभी राहून ती पडवीकडे परत जायची. घारी एकदा म्हणाली, बाई, ती कोणाला बघते? बाईंनी तिला पाढे म्हणायला लावले.

तिसरा शनिवार उजाडला. त्या दिवसाचा धडा होता, यंत्र कुठे चुकतं. शिकवणाऱ्या मुलीने सगळ्यांना एक खेळ दिला. मुळात नसलेलं एक पोरगं मनाने तयार करा, दोन-चार खोटे आकडे भरा आणि यंत्राला त्याची नोंद लिहायला सांगा. टोपीवाल्या गुरुजींना उत्साह आला. त्यांनी ढब्बू नावाचा पोरगा जन्माला घातला, इयत्ता दुसरी, हजेरी चार दिवस, गणितात शंभर. यंत्राने लिहिलं की ढब्बू संख्याज्ञानात अतिशय चमकदार आहे, नियमितपणा वाढल्यास तो खूप पुढे जाईल, पालकांनी त्याच्या कुतूहलाला खतपाणी घालावे. गुरुजींनी ते उभं राहून वाचलं. आमचा ढब्बू पुढे जाणार, म्हणाले, पेढे वाटायला हवेत. अख्खा हॉल हसला. कोणीतरी त्याच्या बारशाचं काय म्हणून विचारलं.

मग ती मुलगी बोलायला लागली. ती म्हणाली की हे यंत्र कोणालाच ओळखत नाही. मास्तरांनी आजवर लिहिलेली लाखो वाक्यं त्याने वाचलीत, आणि अशा आकड्यांपुढे बहुतेक वेळा काय लिहिलेलं असतं तेवढं ते जुळवतं. रिकामी जागा त्याला सोसत नाही. मला माहीत नाही, असं ते आपणहून क्वचितच म्हणतं. ते तुम्ही म्हणायचं असतं. वाचून, पोराचा चेहरा आठवून, खोडून. शेवटी ती हसून म्हणाली, “त्याने ढब्बूला शोधून काढलं नाही. ढब्बू गुरुजींनी त्याच्या हातात दिला.”

टाळ्या पडल्या. बाईंना वाटलं, भर हॉलमध्ये कोणीतरी आपल्या तोंडात मारली. हा धडा पहिला का नव्हता, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं की पहिला असता तरी आपण तेच केलं असतं. एस.टी.त त्यांना खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय गेलं ते त्यांना आठवत नाही.

घरी न जाता त्या तशाच व्यापाऱ्याच्या पडवीत गेल्या. बाकीच्या बाया उठल्या होत्या. भिंगरीची आई एकटीच ढिगाऱ्याशी होती. बाईंनी पर्स बाजूला ठेवली, समोर बसल्या आणि एक शेंग उचलली. पहिल्या पाचसहा शेंगांतच त्यांचा अंगठा हुळहुळला. सांगायला सुरुवात कुठून करायची ते कळेना, म्हणून मधूनच सुरुवात केली. तो आवाज कोणाचाच नाही, म्हणाल्या. कचेरीत कोणी बाई बसलेली नाही. यंत्र आहे ते.

“यंत्र आहे ते मला कळतं बाई,” भिंगरीची आई म्हणाली. “मी काही वेडी नाही. माझ्या मांडीवर गेली ती. पण त्या यंत्राला कसं कळलं ती बोलत नाही म्हणून?”

“त्याला कळलं नाही. मी सांगितलं.” बाईंनी हातातली शेंग फोडली. “तिची हजेरी मी रोज लावली. आणि तोंडी गुणांचा रकाना रिकामा सोडला. रोज येते आणि बोलत नाही, एवढंच त्याला दिसलं. बाकीचं त्याने जुळवलं. शांत पोरांबद्दल आम्ही सगळ्याच बाया तसं लिहितो. ऐकते, लक्ष देते. मीही लिहिते.”

भिंगरीच्या आईचे अंगठे थांबले नव्हते. शेंग, दाणे, टरफल. शेंग, दाणे, टरफल.

“म्हणजे त्याने खोटं नाही सांगितलं.”

“नाही.”

“तुम्ही सांगितलंत.”

“हो.”

“रोज?”

बाईंनी मान हलवली. शाळा वाचवायला म्हणून, वीसचा पट, पोरी घरी बसतील, हे सगळं त्या बोलल्या. ते सगळं खरंही होतं, पण बोलताना ते टरफलासारखं हातातून गळत गेलं. भिंगरीच्या आईने सोललेले दाणे टोपलीत ओतले, टोपली उचलून वजन करायला ठेवली आणि अंगावरचा भुसा झटकून ती निघून गेली. त्या संध्याकाळी गोड आवाज लागला नाही. ती बोललीही नाही. चार दिवस भिंतीपलीकडून भांड्यांशिवाय काही ऐकू आलं नाही, आणि बाईंच्या ध्यानात आलं की त्या बोलण्याची त्या रोज वाट पाहत होत्या.

पाचव्या दिवशी कचेरीतले साहेब आले. तेही कशासाठी, तर कौतुकासाठी. बाईंची वीस पानं कचेरीला फार आवडली होती. एकही पान अपुरं नाही, विशेषतः अबोल मुलांबद्दलची निरीक्षणं किती बारकाईची. ती नमुना म्हणून वर पाठवायची होती, त्याआधी एकदा वर्ग डोळ्यांखालून घालायचा. साहेब माणूस वाईट नव्हता, घामेजलेला होता आणि बुटांत खडे गेल्याने वैतागला होता. खुर्चीवर बसून त्याने हजेरीपट ओढला आणि म्हणाला, आज मी घेतो हजेरी.

त्याच वेळी खिडकीत सावली आली. दुपार व्हायची होती, तरी भिंगरीची आई कामावरून उठून आली होती. आज ती खिडकीशी थांबली नाही, फिरून दारात आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. ती काय बोलणार हे बाईंना ठाऊक नव्हतं, विचारायचं तोंडही नव्हतं.

साहेब एकेक नाव घेत गेला. बारा. तेरा. आणि मग न थांबता त्याने चौदावं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. वर्षभरात त्या खोलीत ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. घारी सवयीने उठून उभी राहिली होती, ती तशीच अर्धवट वाकली. साहेबाने मान वर करून परत नाव घेतलं. वीस नव्हे, एकोणीस पोरांनी बाईंकडे पाहिलं.

“ती नाही,” बाई म्हणाल्या. “गेली. वर्ष होत आलं. रेघा मी ओढल्यात.”

साहेबाने मागची पानं उलटून रेघा पाहिल्या. मग त्याने बाईंना फळ्याजवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. मृत्यूचा कागद आलाय का? नाही ना. मग माझ्या कानावर काही आलेलं नाही, म्हणाला. आजपासून गैरहजर मांडा. वर्ष संपेपर्यंत पट विसाचाच राहील, पानं वर जातील, शाळा टिकेल. पुढच्या वर्षी बघू. हे तो शाळेच्या भल्यासाठी म्हणत होता आणि स्वतःच्याही. बाईंच्या मनात क्षणभर हो आलं. आलंच. रिकाम्या जागी काहीतरी भरून टाकायची सवय हाताला असते, ती एका शनिवारात जात नाही.

त्यांनी दाराकडे पाहिलं. “भिंगरीची आई,” त्यांनी हाक मारली. वर्षभरात पहिल्यांदा. “तुम्ही सांगा.”

ती आत आली. पोरांच्या रांगांमधून येताना तिने पाय जपून टाकले. हजेरीपटावरच्या रेघा तिने बोटाने चाचपल्या, चौदाव्या ओळीवर बोट इकडून तिकडे नेलं. वाचता येत नव्हतं तिला, पण रेघा कळत होत्या.

“काढा नाव,” ती म्हणाली. “पण तुमच्या हाताने लिहा. त्या आवाजाला नका सांगू.”

नाव कमी करताना पटात कारणाचा एक रकाना असतो, बोटभर रुंदीचा. तिथे बहुतेक स्थलांतर असं लिहितात. बाईंनी पेन उघडलं आणि विचारलं, काय लिहू? तेव्हा, पोरांसमोर, साहेबासमोर, भिंगरीच्या आईने ते सांगितलं, जे तिने सासूलाही सांगितलं नव्हतं.

भट्टीवर भिंगरीने पुस्तक नेलं होतं. विटा उलट्या करायच्या सोडून ती त्यात डोकं घालून बसे. मुकादम बोलला, तेव्हा आईने पुस्तक हिसकावून घेतलं आणि तिच्याशी बोलणंच टाकलं. अद्दल घडावी म्हणून. दोन दिवस एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी गप्प पडून राहिली. “मला वाटलं, रुसलीय,” ती म्हणाली. “मी पण बोलले नाही. म्हटलं बघू किती वेळ बसते अशी. संध्याकाळी हात लावला तर तव्यासारखी तापलेली. मग मी खूप बोलले बाई. रात्रभर बोलत होते. ती नुसती ऐकत होती.”

बाईंनी रकान्यात लिहिलं, ताप, वीटभट्टी. तारीख घातली आणि वाचून दाखवलं. एवढंच? असं भिंगरीच्या आईने विचारलं नाही, पण ती तिथून हललीही नाही. मग बाईंनी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी सगळं तिच्याच शब्दांत लिहून काढलं, पुस्तक, दोन दिवस, तव्यासारखं अंग. साहेबाने शासकीय पटावर असं काही लिहितात का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्यासाठी आणलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली. लिहून झाल्यावर बाईंनी ते हळू वाचलं. भिंगरीच्या आईने एके ठिकाणी दुरुस्ती सांगितली, पुस्तक हिसकावलं नव्हतं, ओढलं होतं, एक पान फाटलं. बाईंनी खोडून तसं केलं.

दुसऱ्या दिवशी बाई तेराव्यावरून थेट पंधराव्यावर गेल्या. घारी बसलेलीच होती. ती गडबडली, उठली, तिच्या तोंडातून शब्दच फुटेना.

व्हायचं ते झालं. पंधरवड्यात कागद आला, एकोणीसचा पट, पुढच्या वर्षापासून शाळा ओढ्यापलीकडच्या शाळेत सामील, बाईंची नेमणूकही तिकडेच. बाईंना खोट्या हजेरीबद्दल वेगळी नोटीस आली आणि एक वेतनवाढ थांबली. गावातले काही लोक रस्त्यात तोंड फिरवू लागले. एवढं खरं बोलून काय मिळवलंत, असं घारीच्या बापाने दारात येऊन विचारलं. पोरी घरी बसणार होत्या, तो घोर त्यांना खोटा ठरवता येत नव्हता. महिन्याच्या शेवटी कचेरीचे निरोप परत आले. दोन घरं सोडून घारीकडे तो गोड आवाज वाजला, पलीकडच्या गल्लीतही. भिंतीपलीकडे मोबाइल गप्पच होता. बाई कान देऊन बसल्या. बऱ्याच वेळाने भिंगरीच्या आईचा स्वतःचा आवाज आला, हळू, रोजच्यासारखा.

“आज मुकादमाला परत पाठवला. या वर्षी नाही, पुढच्याही नाही म्हटलं. पोरींना पलीकडच्या शाळेत कोण पोचवणार, म्हणून सगळे रडतायत. म्हटलं मी पोचवते. सकाळी नेईन, तिकडेच काही काम बघेन, संध्याकाळी आणीन.” ती थांबली. वेळ दिला. मग म्हणाली, “तू पण चल.”

बाईंनी भिंतीला हात लावला, वीट चुलीच्या उबेने कोमट झाली होती.

नवीन वर्ष सुरू झालं त्या सकाळी ओढ्याला पोटरीभर पाणी होतं. एकोणिसांतली सोळा आली, त्यात आठ पोरी. तिघांच्या घरच्यांनी अजून मनावर घेतलं नव्हतं. भिंगरीची आई कपडे गुडघ्यापर्यंत खोचून मधल्या मोठ्या दगडावर उभी राहिली आणि एकेकाला हात देऊन पलीकडे घालू लागली. बाई या काठावर चपला हातात घेऊन शेवटी उभ्या होत्या. घारी पलीकडे गेली, तिच्यामागे मात्र आता पोर कोणी उरलं नव्हतं. तरी भिंगरीच्या आईचा हात तसाच पाण्यावर पुढे राहिला, एक श्वास घेऊन सोडावा एवढा वेळ. मग तिने तो जपून पलीकडच्या काठाकडे नेला.

दोघी पलीकडे गेल्यावर भिंगरीच्या आईने पोरांना रांगेत उभं केलं आणि डोक्यांना बोट लावत मोजलं.

“सतरा,” ती बाईंना म्हणाली. “सगळी आली.”

नव्या शाळेत गेल्यावर हा आकडा बाईंनाच सांगायचा होता. त्यांनी मनात परत मोजलं. सोळा. नव्या पटावर त्या सोळाच लिहिणार होत्या, त्यात आता बदल होणार नव्हता. पण ओढ्याच्या काठावर पट नव्हता. बाईंनी चपला घातल्या, आणि घारीच्या मागे एक जागा सोडून त्या चालायला लागल्या.